कृष्णाबाईची पाणथरी

खारदोंडच्या बांधावरची उघाडी कुणी उघडायची आणि कुणी बंद करायची, हे गेल्या दहा वर्षांत गावाला ठरवावं लागलं नव्हतं. ते काम चांगदेव घरतचं होतं. पेणहून खाडीकडे उतरत गेलं की जमीन इतकी खाली जाते की उधाणाच्या भरतीला खाडीचं पाणी शेताच्या वर उभं असतं. मधे असतो तो नुसता मातीचा बांध. त्या बांधातला लाकडी दरवाजा म्हणजे उघाडी. ओहोटीला तो उघडून आतलं पाणी सोडायचं आणि भरती चढायच्या आत बंद करायचा. एकदा विसरलं तर खारं पाणी भातात शिरतं आणि पुढची दोन-तीन वर्षं त्या शेतात काही पिकत नाही. चांगदेव कधी विसरला नाही. तरुणपणी मिठागरावर राबला, मग बरीच वर्षं टेम्पो चालवला, शेवटी बांधाच्या आत एक तळं धरून जिताडे मासे पाळू लागला. तिन्ही कामांत त्याची ख्याती एकच होती, माणूस वेळ चुकवत नाही.

दुसरी ख्याती अबोलपणाची. दोन शब्दांत भागत असेल तर तो तिसरा वापरत नसे. बायको कृष्णाबाई त्याच्या वाटणीचंही बोलायची, त्यामुळे घरात कुणाला ते खटकत नव्हतं.

बारा वर्षांपूर्वी कृष्णाबाई उरणकडे भाचीच्या हळदीला निघाली होती. बायकांनी भरलेला टेम्पो वडखळच्या पुढे उलटला. चालवणारा दुसराच होता, चांगदेव त्या दिवशी घरी होता. बाकीच्यांना मुका मार लागला, कृष्णाबाईच्या डाव्या बरगडीखाली मात्र लोखंडी फाळका बसला. पनवेलच्या दवाखान्यात तिचं पोट फाडलं. तास-दोन तासांनी एक वयस्कर सर्जन बाहेर आले आणि चांगदेवला कोपऱ्यात घेऊन गेले.

"पाणथरी, म्हणजे प्लीहा, फुटली होती. काढून टाकली. नाहीतर रक्तस्राव थांबला नसता."

"तिच्याबिगर माणूस जगतं?"

"जगतो. पण नीट ऐका. रक्तात शिरलेले जंतू गाळायचं काम ती करते. आता गाळणी नाही. साध्या माणसाला जो ताप दोन दिवस झोपवतो, तो यांना काही तासांत घेऊन जाऊ शकतो. लशी आम्ही देऊ, त्यातल्या काही पाच वर्षांनी पुन्हा घ्याव्या लागतील. ताप आला की घरी थांबायचं नाही, त्याच तासाला दवाखाना. कुत्र्यामांजराचा चावा झाला तर ताप येण्याचीही वाट बघायची नाही. आणि कुठल्याही डॉक्टरकडे गेलात तरी पहिली हीच गोष्ट सांगायची."

चांगदेवने मान डोलावली. संध्याकाळी कृष्णाबाईला शुद्ध आली. ओठ सुकले होते, डोळ्यांत भीती होती. तेव्हा ती सेहेचाळीस वर्षांची होती आणि पाळी नुकतीच बंद झाली होती. तिने विचारलं, "काय काढलं माझं? पिशवी का?"

काही तासांत घेऊन जाऊ शकतो, हे वाक्य चांगदेवच्या डोक्यात घुमत होतं. ते त्या पडलेल्या बाईच्या कानात कसं घालायचं, हे त्याला सुचेना.

"व्हय," तो म्हणाला.

तिला हायसं वाटलं. गावातल्या निम्म्या बायकांची पिशवी काढलेली होती. घरी आल्यावर तिने सगळ्यांना तेच सांगितलं आणि चांगदेवने ते खोडलं नाही. दवाखान्याचे कागद त्याने पत्र्याच्या पेटीत खाली ठेवले. भीती मात्र स्वतःजवळ ठेवली.

पहिली चार-पाच वर्षं त्याने ती भीती नीट सांभाळली. टेम्पो सोडून घराजवळचं काम धरलं ते त्यापायीच. कृष्णाबाईचं अंग जरा कोमट लागलं की तो मोटारसायकल काढायचा आणि तिला पेणला न्यायचा. बांधावरचे लोक हसायचे. "चांगदेव बायकोला शिंक आली तरी पेण गाठतो," असं म्हणायचे. कृष्णाबाई स्वतः वैतागायची. प्रत्येक वेळी ताप साधाच निघायचा. पाच वर्षांनी लस घ्यायची होती तेव्हा मुलाचं, निकेतचं, लग्न निघालं आणि ते राहून गेलं. मग कोरोनाचं साल आलं. दवाखान्याचं नाव काढलं तरी लोक घाबरत. त्या दिवसांत कृष्णाबाईला तीन दिवस ताप आला, चांगदेव तीन दिवस तिच्या खाटेपाशी बसून राहिला, आणि चौथ्या दिवशी ती उठून भाकऱ्या थापायला बसली. त्या दिवशी त्याला पहिल्यांदा वाटलं की सर्जनने जरा जास्तच सांगितलं असावं. त्यानंतर तो एकदाही तिला तापासाठी पेणला घेऊन गेला नाही.

गेल्या वर्षी आश्विनात, पौर्णिमेच्या आधीच्या रविवारी, तळ्यावरच्या दोन कुत्र्यांची मासळीच्या मुंडक्यावरून जुंपली. त्यातला शेरा घरचा होता, कृष्णाबाईच्या हातचं खाऊन वाढलेला. तिने त्याला मागे ओढायला हात घातला आणि भांडणाच्या भरात त्याचे दात तिच्या डाव्या अंगठ्याच्या बुडाशी रुतले. दोन लहान भोकं पडली, थोडं रक्त आलं. सून अमिषाने लगेच साबण लावून नळाखाली हात धरला.

चांगदेव तिला प्राथमिक आरोग्य केंद्रात घेऊन गेला. गावची आशाताई क्रांती आधीच फोन करून तिथे पोचली होती. डॉक्टर तरुण होती, नुकतीच रुजू झालेली, पण कामाला चोख. जखम पुन्हा धुतली, जखमेत औषध टोचलं, रेबीजची पहिली सुई दिली, धनुर्वाताची दिली. मग कागद पुढे ओढला.

"काकू, शुगर, बीपी?"

"काय न्हाय."

"लिव्हरचा, किडनीचा त्रास? आधी कुठलं ऑपरेशन?"

"पिशवी काढलीय. अकरा वर्षं झाली."

डॉक्टरने लिहून घेतलं. चांगदेव दाराला टेकून उभा होता, हातात कृष्णाबाईची कापडी पिशवी. कुत्र्यामांजराचा चावा, हे सर्जनचे शब्द त्याला आठवले. आवाजासकट आठवले. त्याने घसा खाकरला. क्रांती तिथे, मागे रांगेत गावच्याच चार बायका, समोर कृष्णाबाई. आता बोललं तर ती सगळ्यांदेखत वळून विचारणार, मग इतकी वर्षं मला काय सांगत होता? घरी जाऊन आधी तिला सांगावं, आणि उद्या परत येऊन डॉक्टरला, असं त्याने ठरवलं.

"जखम लहान आहे, वेळेत धुतलीत," डॉक्टर सांगत होती. "शुगरवाल्यांना किंवा ज्यांची प्रतिकारशक्ती कमी असते त्यांना मी अँटिबायोटिक लगेच सुरू करते. तुम्हाला गरज वाटत नाही. हात लाल झाला, सुजला तर मात्र लगेच या. आणि कुत्र्यावर दहा दिवस नजर ठेवा. तो धडधाकट राहिला तर रेबीजची चिंता नाही."

घरी गेल्यावर चांगदेवने काहीच सांगितलं नाही. सोमवारी तळ्यात जाळं लावायचं होतं. मंगळवारी हात सुजलेला दिसला नाही, उलट भोकांवर खपली धरली होती. बुधवारी दुसरी सुई झाली.

या सगळ्या दिवसांत घर कुत्र्यावर नजर ठेवून होतं. शेराला आंब्याला बांधलं होतं. अमिषा सकाळ-संध्याकाळ त्याच्यापुढे पाणी ठेवून बघायची, तो पितो का. निकेत न्हावा-शेव्याच्या बंदरातून ट्रेलर घेऊन गुजरातेत गेला होता, तो रस्त्यातून फोन करून विचारायचा, "शेरा कसा हाय?" शेरा मजेत होता. शेपटी हलवायचा, पाणी प्यायचा, रात्रीचं उरलेलं कालवण चाटूनपुसून खायचा. शेजारची नीराबाई म्हणाली, "कुत्रं चांगलं हाय म्हंजे तू पण चांगली." कृष्णाबाईलाही ते पटलं.

गुरुवारी सकाळी सातला कृष्णाबाईला हुडहुडी भरली. चहाची कपबशी हातात खुळखुळ वाजायला लागली, म्हणून तिने ती खाली ठेवली.

"सुईचा ताप असंल," ती म्हणाली.

अमिषाने क्रांतीला फोन केला. क्रांतीने विचारलं, हात सुजलाय का, लाल झालाय का. नाही म्हटल्यावर म्हणाली, सुईने कधीकधी ताप येतो, गोळी द्या, मी दुपारी चक्कर टाकते. तिला जे माहीत होतं त्यावर तिने बरोबर सांगितलं होतं.

चांगदेव उंबऱ्यात उभा होता. त्या दिवशी पौर्णिमेचं उधाण होतं, पाणी साडेबारापर्यंत चढणार होतं. भात पोटरीतून बाहेर पडून दाण्यावर आलेलं. आदल्या दिवशी बांधाला एका जागी पाझर दिसला होता. त्याने कृष्णाबाईच्या कपाळावर हात ठेवला. कपाळ भाजत होतं.

"पेणला जाऊ," तो म्हणाला.

"गप बसा. आज उधाण हाय. उघाडीवर कोण जाईल? दुपारी बघू."

त्याच तासाला, असं सर्जन म्हणाले होते. चांगदेवने बायकोकडे पाहिलं, बांधाच्या दिशेने पाहिलं. सुखरूप गेलेले मागचे सगळे ताप त्याच्या डोळ्यांपुढून गेले. तो फावडं घेऊन निघाला.

पाझर वाढला होता. दोन गड्यांना घेऊन तो कमरेएवढ्या चिखलात उतरला आणि पेंढा, माती, गोणपाट कोंबत राहिला. फोन प्लास्टिकच्या पिशवीत खुंटीला लटकवलेला होता. पाणी बांधाच्या माथ्याखाली वीतभर अंतरावर येऊन थांबलं, मग हळूहळू उतरायला लागलं. बांध टिकला. सव्वा वाजता हात धुऊन त्याने फोन काढला. अमिषाचे नऊ फोन येऊन गेले होते.

तो पोचला तेव्हा कृष्णाबाई खाटेवर कलंडली होती. दोनदा उलटी झाली होती. डोळे उघडे होते, पण ती अमिषाला आपल्या मेलेल्या बहिणीच्या नावाने हाक मारत होती. क्रांती पायाशी बसली होती आणि तिचा चेहरा उतरला होता.

"काका, हे बघा."

पोटऱ्यांवर जांभळे डाग उठले होते, कुणी जांभूळ फोडून फासल्यासारखे. नाकाचा शेंडा निळा पडला होता. हातापायाची बोटं बर्फासारखी. जिथे चावा होता तिथे काहीच नव्हतं. खपली कोरडी होती.

"गाडी सांगितलीय," क्रांती म्हणाली. "काका, ह्यांना नक्की काय आजार हाय?"

चांगदेवने बायकोला उचललं आणि तो गाडीत बसला.

पेणच्या दवाखान्यात पोचले तेव्हा दोन वाजले होते. डॉक्टरने नाडी धरली, रक्तदाबाची पट्टी दोनदा बांधली.

"ताप कधी चढला?"

"सकाळी सातला."

"लघवी कधी झाली?"

अमिषा म्हणाली, "सकाळपासून न्हाय."

"जुना काही आजार? ऑपरेशन?"

"आईंची पिशवी काढलीय," अमिषा म्हणाली.

"न्हाय," चांगदेव म्हणाला. सगळे त्याच्याकडे वळले. "पिशवी न्हाय. पाणथरी काढलीय. अपघातात फुटली होती. आणि रविवारी कुत्रा चावलाय."

डॉक्टरने नर्सला एकापाठोपाठ एक औषधांची नावं सांगितली, दोन्ही हातांत सुया लागल्या, आणि रक्ताचा नमुना काढून होताच पहिलं अँटिबायोटिक गेलं. सात तास उलटून गेले होते. अमिषा सासऱ्याकडे बघत होती.

रुग्णवाहिकेतून पनवेलला नेलं. तिथल्या आयसीयूच्या डॉक्टरीणबाईंनी चांगदेवला समोर बसवलं. कुत्र्याच्या तोंडात एक जंतू असतो, त्यांनी सांगितलं. धडधाकट माणसाला तो सहसा काही करत नाही, कुत्र्याला तर नाहीच. पाणथरी नसलेल्याच्या रक्तात तो शिरला की त्याला अडवणारं कुणी नसतं. हा तोच असावा असा त्यांचा अंदाज होता. रक्ताचा रिपोर्ट यायला दिवस लागणार होते.

"वाचंल?"

"असे दहा आले तर तीन-चार परत जात नाहीत. तुमच्या पत्नीचा रक्तदाब आल्याआल्याच कोसळलेला होता, मूत्रपिंडं बंद पडत आहेत, म्हणून मी जास्त आशा दाखवणार नाही." त्यांनी फाइल पुढे ओढली. "माणूस जगेल की जाईल हे ठरवणाऱ्या गोष्टी तशा थोड्या असतात. वय किती, शरीरात आधीपासून काय कमी आहे, जंतू किती जहाल आहे, आणि औषध किती लवकर सुरू झालं. पहिल्या तिन्हींना आपण काही करू शकत नव्हतो."

"आणि चौथी?"

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं आणि फाइल मिटली.

निकेत दुसऱ्या दिवशी पहाटे गुजरातेतून येऊन पोचला. आई नळ्यांच्या जंजाळात होती, श्वास यंत्र देत होतं, रक्त यंत्र धूत होतं. तिच्या हातांची बोटं टोकांकडून काळी पडत चालली होती. रोज सकाळी काळेपणा थोडा वर सरकलेला दिसायचा. निकेत बाकावर बापाशेजारी बसायचा आणि विचारायचा, "सुई घेतली होती ना? कुत्रा तर चांगला हाय. मग झालं कसं?" चांगदेव जमिनीकडे बघत राहायचा.

कुत्रा चावल्याचा दहावा दिवस उजाडला तेव्हा अमिषाचा घरून फोन आला. शेरा ठणठणीत होता. कृष्णाबाई तेव्हाही शुद्धीवर आली नव्हती.

ती बाराव्या दिवशी शुद्धीवर आली. मूत्रपिंडं सावकाश कामाला लागली. पण बोटं परत येणार नव्हती. डाव्या हाताची चारही, उजव्या हाताची तीन, आणि दोन्ही पायांची सगळी, एवढी कापावी लागली. दोन्ही हातांचे अंगठे आणि उजव्या अंगठ्याशेजारचं बोट तेवढं राहिलं. चाळीस दिवसांनी ती घरी आली, पायाला गुंडाळलेल्या पट्ट्यांवर कुबड्यांच्या आधाराने.

दवाखान्यातून निघताना डॉक्टरीणबाईंनी तिला स्वतःला समोर बसवून सगळं सांगितलं होतं. पाणथरी म्हणजे काय, ती कुठे असते, नसली की काय होतं. कृष्णाबाईने मधे एकदाच विचारलं, "हे ह्यांना ठाऊक होतं?" बाई म्हणाल्या, ते त्यांनाच विचारा.

तिने आठ दिवस विचारलं नाही. त्या आठ दिवसांत ती अमिषाच्या हातून जेवली. चांगदेव ताट घेऊन आला की म्हणायची, "ठेवा तिथं." मग एका दुपारी, घरात दोघंच असताना, तिने त्याला खाटेसमोर बसायला सांगितलं.

"बोला."

चांगदेव आयुष्यात सलग इतका कधी बोलला नव्हता. पनवेलच्या सर्जनचं बोलणं, त्या संध्याकाळचं 'व्हय', राहून गेलेली लस, आरोग्य केंद्रातलं दार, आणि उधाणाच्या सकाळी तिच्या कपाळावर ठेवलेला हात. त्याने काही लपवलं नाही आणि कशाला फाटेही फोडले नाहीत.

कृष्णाबाईने आपल्या हातांकडे पाहिलं.

"अकरा वर्षं तुमी एकटंच भीत होता?"

"व्हय. मग हळूहळू भ्यायचं सुटलं."

"तुमचं सुटलं. माझं सुटलं नसतं. जीव माझा होता," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. "मला भिऊ द्यायचं होतं. मी भ्याले असते तर कुत्र्यात हात घातला नसता. घातला असता तरी त्या पोरीला खरं सांगितलं असतं. पिशवी म्हणून माझ्याच तोंडानं मी खोटं सांगून आले."

चांगदेवला रडू फुटलं. तिने त्याची समजूत काढली नाही.

"निकेतला सांगा," ती म्हणाली. "तुमच्या तोंडानं. अमिषाला पण."

त्याने सांगितलं. निकेत उठून बाहेर गेला आणि त्यानंतर दोन महिने बापाशी एक शब्द बोलला नाही. चांगदेवने उघाडीचं काम दुसऱ्याकडे सोपवलं. गावाला नवल वाटलं, पण कारण त्याने सांगितलं नाही. ते कृष्णाबाईने सांगितलं, ज्याने विचारलं त्या प्रत्येकाला.

आता घरात तिच्या उशाशी अँटिबायोटिकच्या गोळ्या असतात. ताप आला की पहिली गोळी तोंडात टाकायची आणि निघायचं, असा डॉक्टरांचा हुकूम आहे. राहिलेल्या लशी झाल्या. तरी धोका टळला असं कुणी म्हटलेलं नाही. गाळणी नाही ती नाहीच.

माघात एकदा दुपारी चारला कृष्णाबाई म्हणाली, "अंग मोडून आलंय. गाडी काढा." आवाज असा होता की कुणी दुसरा प्रश्न विचारला नाही. अमिषाने गोळी दिली, निकेतने स्टेअरिंग धरलं, चांगदेव मागे तिला धरून बसला. पेणला पोचल्यावर तिला आत घेतलं आणि दार लागलं. बाप-लेक बाहेरच्या बाकावर, मधे एका माणसाची जागा सोडून बसले.

"किती वाजता म्हणाली ती?" निकेतने विचारलं. दोन महिन्यांतलं पहिलं वाक्य.

"चारला."

"निघालो कवा?"

"चार वाजून पाच मिन्टांनी."

निकेतने मान हलवली. आत कुणीतरी ट्रे ओढल्याचा आवाज आला. दोघांनी एकदमच दाराकडे पाहिलं.

तो ताप साधा निघाला, दोन दिवसांनी ती घरी आली. चैत्रात पुन्हा एकदा धावले, तोही साधा निघाला. पावसाळ्यात दोनदा. दर वेळी कृष्णाबाई स्वतःच्या पायांनी, कुबडीवर रेलत आत जाते, आणि समोर कुणी डॉक्टर असो, बसायच्या आधी म्हणते, "मला पाणथरी न्हाय." मग दार लागतं. चांगदेव बाहेर उभा राहतो. त्याला बाकावर बसवत नाही.